हिवात जळालेली जास्वंद

“आधी ती जळकी खोडं उपटून काढ, मंग खांब रोव,” काका मांडववाल्याला सांगत होते. “उद्या माणसं बसवायचीत. मधात ही भुतं कामून उभी ठेवायची?”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा गाळत होते, आत्या. तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशीची सकाळ होती ती. मांडववाला अंगण मोजत होता आणि दोरीचं एक टोक त्यानं तुझ्या पिवळ्या जास्वंदीला बांधलं होतं. जास्वंदीला एकही पान नव्हतं. तिच्या शेजारच्या लाल जास्वंदी, मोगरे, दाराजवळचा अनंत, सगळ्यांचा रंग एकच झाला होता, चुलीतून ओढून काढलेल्या काटक्यांचा. कोपऱ्यातला कुंद तेवढा हिरवा होता. थंडी हाच त्याचा मोसम, त्याला काय होतंय, असं तू म्हणायचीस.

चहा गाळून झाला तरी मी गाळणी हातात धरून उभी होते. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य तू मला आधीच देऊन ठेवलं होतंस. तू समोर असताना ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आता तू नव्हतीस आणि अंगणात कुदळ आली होती.

मी कशी आहे ते तुला ठाऊक होतं. शाळेत इंग्रजीतून बोलायचं, घरी मराठीतून, आणि दोन्हीकडे कुणीतरी हसेल या भीतीनं मी दोन्हीकडे कमी कमी बोलायला लागले. पाहुणे आले की मागच्या खोलीत जायचं, नाव विचारलं तर सांगायचं, बाकी मान हलवून भागवायचं. मम्मी काळजी करायची, पप्पा म्हणायचे होईल मोठी की बोलेल. मी मोठी झाले आणि मान हलवण्यात तरबेज झाले. तू एकटीच त्यावर चिडायचीस. “मानेनं काय सांगून राह्यली गं? मी काय बैल हाय का खुणेवर चालायला? तोंडानं बोल.”

तुला नेलं त्या दिवशी गल्लीतल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांना पाणी देत होते. माझी पाठ वळल्यावर एक म्हणाली, “भाची हाय ना ही? हिच्यासाठी जीव टाकायची आक्का. आन् हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई.” दुसरी म्हणाली, “विंग्रजी शाळंतली हाय बाई ती. त्यांला रडायचं शिकवत नसतील.” आत्या, तू असतीस तर आधी हसली असतीस, मग त्या बाईला तिच्या सुनेवरून काहीतरी ऐकवलं असतंस. मी तांब्या घेऊन आत गेले आणि तुझ्या खाटेच्या जागी खाली बसले. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. तिथून मला खिडकी दिसली, आणि तू पडल्या पडल्या रोज काय पाहत होतीस ते त्या उंचीवरून पहिल्यांदाच दिसलं. खिडकीच्या चौकटीत बरोबर पिवळी जास्वंद येत होती. खाट तू उगाच तिथे लावून घेतली नव्हतीस.

आपलं भांडण किती वर्षांचं होतं? मी सहावीत असेन. तू रथसप्तमीला सकाळी अंगणात सूर्याची रांगोळी काढायचीस, दूध उतू घालायचीस, आणि मग ट्रंकेतून छाटणीची कात्री, तुझं सिकेटर, काढायचीस. द्राक्षाच्या बागांत छाटणीला जायचीस त्या दिवसांतलं ते, मुठी घासून पांढऱ्या पडलेलं. सगळं घर तिळगुळाच्या उरल्यासुरल्या वड्या खात बसलेलं असायचं आणि तू झुडपं निम्म्यावर आणायचीस. मोगऱ्याला तर ओळखू येणार नाही इतकं कापायचीस. मला वाटायचं, हिला राग आलाय कशाचा तरी.

“कामून कापतेस एवढं?” मी तेव्हा विचारलं होतं. तुझ्याशी बोलताना मला तुझे शब्द चालायचे.

“न्हाई कापलं तर नुसती उंच होतात. फूल कुठं येतंय जुन्या काडीला? नव्या फुटीला येतं.” मग माझं बोट धरून काडीवरचा बारीक उंचवटा दाखवलास. “ह्याला डोळा म्हणतात. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा शोधायचा आन् त्याच्या वर कापायचं. आत बघणाऱ्या डोळ्यावर कापलं की झाड आतल्या आत गुंतून बसतं.” आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, “तुझ्यावानी.”

पुढे फोन हातात आल्यावर मी वाचलं की थंडी पूर्ण सरल्याशिवाय अशी झाडं छाटायची नसतात. छाटलं की कोवळी फूट येते आणि मागाहून थंडी आली तर ती फूट जळते. मी तुला तसं म्हणाले. तू म्हणालीस, “रथसप्तमीला सूर्य घोडे वळवतो. थंडी गेलीच समज.”

“आत्या, रथसप्तमी दर वर्षी मागेपुढे होते. एका वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर, एका वर्षी जानेवारीतच. थंडीला तिथी कळत नाही.”

“आन् तुझ्या मोबाइलला कळती? शेवटची थंडी ही हाय, आता पुढं न्हाई, असं सांगतो का तो?”

दर वर्षी हेच. दर वर्षी तू रथसप्तमीला कापायचीस, फूट यायची, उन्हाळ्यात मोगऱ्यानं गल्ली घमघमायची, आणि तू सकाळी ओटीत फुलं घेऊन घरोघर जाऊन यायचीस. गणपतीला जास्वंद, महादेवाला अनंत, कुणाच्या लेकीच्या वेणीला मोगरा. परत आलीस की माझ्याकडे नुसतं बघायचीस. बोलायची गरजच नसायची, तू जिंकलेली असायचीस. फक्त एकदा, मी फारच चिडले तेव्हा, तू जरा नरम होऊन म्हणालीस, “मला बी माहीत हाय माय, तिथी हालती ते. पण फुलाचं झाड कापायचं तर कुठला तरी दिवस धरावा लागतो. न्हाई तर हात उचलत न्हाई.”

या वर्षी रथसप्तमी जानेवारीतच आली. तू दिवाळीपासून खाटेवर होतीस. डॉक्टरांनी पप्पांना बाहेर नेऊन काय सांगितलं ते मला भिंतीआडून ऐकू आलं होतं. तुलाही आलं असणार, कारण तुझी खाट माझ्यापेक्षा भिंतीच्या जवळ होती. तुझ्या बोटांत आता सिकेटर दाबायची ताकद नव्हती. तू ते माझ्या हातात दिलंस.

मी म्हणाले, “आत्या, पंधरा दिवस थांबू या का? अजून पहाटे फार गार असतं.”

तू म्हणालीस, “मी थांबते का पंधरा दिवस, ते आधी सांग.”

मी बाहेर गेले आणि कापायला लागले. तू खिडकीतून ओरडत होतीस. ओरडत म्हणजे, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यानं. “खाली. अजून खाली. भिऊ नको, त्याला दुखत न्हाई. डोळा बघ, डोळा! अगं, आतला डोळा धरलास, बाहेरचा धर.” पप्पा दाढी करता करता ओसरीवर येऊन बघत राहिले. मम्मीनं वाटीत हळद कालवून आणून दिली आणि मी कापलेल्या टोकांना ती लावत गेले, तू लावायचीस तशी. सगळं झाल्यावर आत आले तर तू डोळे मिटून पडली होतीस आणि खुशीत होतीस. “बराबर कापलंस,” म्हणालीस. “माझ्याहून बारीक हात हाय तुझा.” आत्या, मला आयुष्यात कुणी इतकं चांगलं म्हटलेलं नाही. मी काय केलं? मान हलवली.

फूट आली. पिवळ्या जास्वंदीला आधी, तांबूस, लहान बाळाच्या नखांसारखी. तू उशीला टेकून बसायला लागलीस. दोन घास जास्त खाल्लेस. मम्मी म्हणाली, बघा आक्का, झाडांबरोबर तुम्हालाही पालवी फुटली. तू म्हणालीस, “फुटू दे. कापलं मला बी लई खालून.” आपण तिघी हसलो. त्या दिवसांत मला खोटीखोटी आशा लागली होती. मला वाटायला लागलं की डॉक्टरला काय कळतंय, तू मोगऱ्याचं फूल बघितल्याशिवाय जाणार नाहीस.

महाशिवरात्र जवळ आली आणि थंडी पुन्हा उलटून आली. उत्तरेकडून असं वारं सुटलं की ओसरीवर उभं राहवेना. आपलं घर उतारावर, नदीच्या बाजूला, सगळा गारठा वाहत येऊन आपल्याच अंगणात साचतो. संध्याकाळी वारा पडला आणि आभाळ एकदम स्वच्छ झालं, तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. “आज हीव पडणार. झाडांच्या बुडाला पाणी दे आन् ट्रंकेतली माझी लुगडी काढ. घाल एकेकीवर.”

मम्मी म्हणाली, “आक्का, अहो चांगल्या साड्या आहेत त्या.”

“मला आता कुठं मिरवायचंय? त्यांला मिरवू दे.”

मी घातल्या. हिरवी पिवळ्या जास्वंदीवर, काठापदराची मोगऱ्यांवर, ती जांभळी, लग्नातली, अनंतावर. सकाळी उजाडताना दार उघडलं तर अंगणात बाया उभ्या होत्या. आत्या, मला खरंच क्षणभर तसं वाटलं. डोक्यावरून पदर घेतलेल्या, गप्प, घराकडे तोंड करून उभ्या बाया. गवतावर मीठ सांडावं तसं पांढरं हीव पडलं होतं. मी साडीला हात लावला तर पदर कडक झाला होता आणि दुमडताना बारीक आवाज झाला. आत पानं अजून हिरवी दिसत होती. मला वाटलं वाचली. मग ऊन आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पानं काळी पडत गेली, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. दुपारपर्यंत एकही फूट उरली नाही.

मी जिंकले होते. इतक्या वर्षांचं आपलं भांडण, आणि या वर्षी मी बरोबर निघाले. हे कुणाला सांगू? मला हरायचं होतं. देवाशपथ सांगते, मला दर वर्षीसारखं हरायचं होतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात फिरवते आहे. तुला माहीत होतं का? थंडी बाकी आहे, फूट जळू शकते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तू बागांत राबलेली, हीव पडणार हे आभाळाकडे बघून सांगणारी. रथसप्तमीचं फक्त निमित्त होतं का? तुला फूट बघायची होती आणि तुझ्याकडे दिवस नव्हते, म्हणून तू माझ्या हातानं झाडांना लवकर उठवलंस का? तसं असेल तर मला राग नाही. पण मला विचारायचं होतं. तू हो म्हणाली असतीस तर मी म्हणाले असते, बरं केलंस आत्या. तू बघितलीस ना फूट, मग जळू दे. आता मी हे म्हणतेय आणि समोर भिंतीला टेकवलेली खाट आहे.

त्या दुपारी तू मला हात धरून उठवायला लावलंस आणि खिडकीतून बराच वेळ बाहेर बघितलंस. मला वाटलं तू रडशील. तू कामाला लागलीस. “आता जो तो म्हणंल, जळालेलं कापून टाका, उपटून टाका. बिलकुल ऐकू नको. वरचं जळालं ते खालच्याला पांघरूण हाय. अजून एखादी थंडी आली तर तेच आडवं येईल. चैतापर्यंत ठेव. चैतात ऊन तापलं की खोडातून, मुळातून, कुठून तरी डोळा फुटंल. मंग तिथवर काप. त्याच्या आधी हात लावू देऊ नको कुणाला. देणार न्हाईस ना?”

मी मान हलवली.

“मान नको हालवू. तोंडानं बोल. मला ऐकू येऊ दे.”

मी तोंड उघडलं होतं, आत्या. खरंच उघडलं होतं. पण हो म्हणणं म्हणजे चैत्रात तू नसशील हे कबूल करणं होतं. तू स्वतः घरात असणार असतीस तर वचन मागितलंच नसतंस. तेवढ्यात मम्मी पेज घेऊन आली, तू वाटी बघून तोंड वाकडं केलंस, मी वाटी घ्यायला उठले, आणि ते ‘हो’ तिथेच राहिलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. त्या आठवड्यातच तू गेलीस.

तू गेल्यापासून मी रोज सकाळी अंगणात जाते. नखानं साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर काडी जिवंत, हेही तूच शिकवलेलं. पहिल्या दिवशी टोकाला खरवडलं, तपकिरी. दुसऱ्या दिवशी वीतभर खाली, तपकिरी. मग रोज थोडं खाली. लाल जास्वंदी, मोगरे, अनंत, सगळीकडे कोरडं, लाकडासारखं. माझ्या नखात तोच भुसा. पिवळ्या जास्वंदीचं बूड तेवढं मी खरवडलं नाही. तिथेही तपकिरी निघालं तर मग काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी थिजले होते. काका खोटं बोलत नव्हते. मलाही ती झाडं मेलेलीच दिसत होती. ज्यात मला स्वतःला हिरवं सापडत नव्हतं त्याच्यासाठी मी घरातल्या मोठ्या माणसांपुढे काय बोलणार होते? तिथीवरून तुझ्याशी वाद घालणारी मी, आता पुरावा म्हणून काय दाखवणार होते?

आणि काका वाईट नाहीत. संभाजीनगरहून आले तेव्हा तुझ्या खाटेपाशी बसून लहान मुलासारखे रडले. झाडं काढायचा विषय निघाला तेव्हा मम्मी त्यांना हळूच म्हणाली होती, “आक्कांची झाडं आहेत हो ती. राहू द्यावीत का?” तर ते म्हणाले, “वहिनी, मी दारातून आत आलो की ती काळी झाडं दिसतात आन् आक्काची शेवटची तब्येत दिसती. बघवत न्हाई मला. जाऊ द्या ती.” त्यावर मम्मी ‘बरं’ म्हणून आत गेली. पप्पा तर तू गेल्यापासून कुणालाच काही बोलत नव्हते. कोणी बोलायचं उरलं होतं ते मला दिसत होतं.

बाहेर मांडववाल्यानं दोरी सोडली आणि कुदळ उचलली. “कुठून सुरू करू, सायेब?”

“ह्या मोठ्या जास्वंदीपासून कर. जल्दी आटप, ऊन व्हायच्या आत.”

मी कपांचा ट्रे उचलला आणि बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं चहा आला. काकांनी हात पुढे केला. मी त्यांच्या पुढून गेले, मांडववाल्याच्या पुढून गेले आणि पिवळ्या जास्वंदीसमोर जाऊन उभी राहिले. तिच्या बुडाशी तुझ्या हिरव्या साडीची चिंधी काट्यासारख्या एका काडीला अडकून राहिली होती. साड्या गोळा करताना कुणाच्या लक्षात आली नसणार. कपांतला चहा हिंदकळून ट्रेमध्ये सांडत होता.

मांडववाला म्हणाला, “ताई, बाजूला व्हा. लागंल.”

मी मान हलवली. नाही.

“काय झालं गं?” काका म्हणाले. “सर ना बाजूला.”

मी पुन्हा मान हलवली. पप्पा ओसरीवरून उठून उभे राहिले. मम्मी दारात आली. गल्लीतून जाणाऱ्या दोघी बाया थांबल्या, त्यातली एक त्या दिवशीचीच. सगळे माझ्याकडे बघत होते आणि ते वाक्य त्या दुपारसारखंच आत राहिलं होतं. मला वाटलं, झालं, आता हे लोक मला हाताला धरून हळूच बाजूला करतील, मी होईनही, आणि आयुष्यभर मान हलवत राहीन.

काका जवळ आले. रागावले नव्हते, थकले होते. त्यांचे डोळे तुझ्यासारखे आहेत हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

“मान कामून हालवून राह्यली गं?” ते म्हणाले. “तोंडानं बोल की.”

तुझेच शब्द, तुझाच सूर. लहानपणी तू त्यांनाही असंच दटावलं असशील. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या खांद्यावरून तुझ्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं, जिथे तुझी उशी असायची त्या उंचीला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“हो आत्या. चैतापर्यंत कुणाला हात लावू देणार न्हाई मी.”